अळंबीची जागा

“रडतंय त्या झाडाला हात लावू नकोस, पोरी. रडतं ते जगतं.”

व्लास्ताच्या कानात हा आवाज अजून जसाच्या तसा होता. तिच्या बापाचा, अलोइसचा. पण आजचा घोगरा, खोकल्यानं फाटलेला आवाज नव्हे; तेव्हाचा, छातीच्या तळातून येणारा. ती त्याच्या खांद्यावर बसलेली, दोन्ही मुठींत त्याचे केस धरून. समोर स्प्रूसचं जुनं झाड आणि त्याच्या खोडावरून ओघळणारी राळ, उन्हाचा तुकडा गिळून बसल्यासारखी सोनेरी. बापानं बोटानं एक थेंब दाखवला. थेंबात काळा ठिपका होता.

“हा बघ चोर. साल फोडून आत शिरायला गेला आणि झाडाच्या आसवातच बुडाला. ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे त्याचं घर चोराला फोडता येत नाही. भ्यायचं ते कोरड्या डोळ्यांच्या झाडाला.”

मग त्यानं तिला खाली उतरवून त्या थेंबाला नाक लावायला लावलं होतं. तो वास तेव्हा जो डोक्यात चढला, तो पुढं कधी उतरलाच नाही. तिनं रानाचंच काम धरलं.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती, आणि त्या डोंगरांवर रडणारी झाडं शोधून सापडत नव्हती.

पाऊस रुसला तसं झाडांच्या अंगातलं पाणी आटलं. पाणी आटलं तशी राळ आटली. राळ आटल्यावर सालभुंग्याला दार सताड उघडं. एकेका उन्हाळ्यात त्याच्या तीन-तीन पिढ्या निपजल्या. डोंगर आधी तांबूस झाले, गंजलेल्या पत्र्यासारखे, मग राखाडी, मग बोडके. चेक देशाच्या या उंचवट्यावर जिथं कधी भरदुपारी कंदील लागावा असा अंधार असायचा, तिथं आता लांबचा मनोरा दिसायचा आणि त्याच्याही पलीकडचं गाव दिसायचं. ज्या गावाचं नाव नुसतं ऐकलं होतं, ते गाव एकदम शेजारी येऊन उभं राहिलं होतं.

व्लास्ताचं काम झाडं ओळखायचं. गावाचं सामायिक रान आणि ज्यांना स्वतःला फिरणं होत नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे तुकडे ती राखायची. तांबूस पडलेलं झाड कुणीही ओळखतं. पण तांबूस झाड म्हणजे पाहुणे निघून गेलेलं घर. भुंगे केव्हाच शेजारी राहायला गेलेले असतात. ओळखायचं ते झाड हिरवंगार असताना. त्यासाठी पहाटे, वारा सुटायच्या आत निघायचं. बुंध्याशी गुडघे टेकायचे. सालीच्या भेगांत, खालच्या ब्लूबेरीच्या पानांवर, कोळ्याच्या जाळ्यात कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी भुसा पडलाय का बघायचं. वाऱ्याची एक झुळूक आली की पुरावा गेला. मग मान मोडेस्तोवर वर बघायचं: शेंडा विरळ झालाय का, सुतारपक्ष्यानं साल उडवलीय का. कधी उन्हात उभं राहून नुसतं ऐकायचं. झाडाची सुईसारखी हिरवी पानं, सुया, गळतात तेव्हा बारीक आवाज येतो, कुणीतरी दूर तांदूळ निवडत असल्यासारखा.

आणि मग रंगाचा डबा हलवून तोडायची नारिंगी खूण. शीऽऽ असा एक आवाज. त्या झाडाचं तेवढंच.

वसंतात ती सापळ्याची झाडं पाडायची. एखादं झाड मुद्दाम आडवं टाकायचं, त्याच्या वासानं भुंगे येऊन सालीखाली अंडी घालतात. अळ्या पांढऱ्या असतानाच ती साल सोलून काढायची, म्हणजे सगळं बिऱ्हाड उन्हात सुकून जातं. सोलायचं फावडं धरून धरून तिच्या तळहातांची कातडी त्या सालीसारखीच झाली होती. इतकं करून झाडं मरतच होती. ती पाच सोलायची तोवर पलीकडं पन्नास तांबूस व्हायची. हल्ली ती खूण करताना झाडाकडं बघायचीसुद्धा नाही. गावात तिला मागून ‘दातेरी’ म्हणत. त्या मुलखात मरणाचं हेच नाव; दात काढून हसणारी, कोयता घेऊन फिरणारी बाई.

गुरुवारी सकाळी ती शेजारी कुबातच्या रानात एका खोडाला टेकून बसली होती. काम नव्हतं. तिथं खुणा करायला काही उरलं नव्हतं. तो अख्खा उतार मेलेला होता आणि खुणा तिच्याच होत्या. बसली होती ती नुसती पाय दुखत होते म्हणून. तेवढ्यात खालून फांद्या मोडत रादिम आला. झाडतोडीची यंत्रं आणणारा धिप्पाड माणूस. शाळेत तिच्या मागच्या वर्गात होता.

“काय दातेरीबाई, आज किती जीव घेतले?”

“तू जरा सरळ उभा राहा. तुझाही शेंडा विरळ दिसतोय. एक खूण करून टाकते.”

रादिमनं टोपी आणखी खाली ओढली. “माझ्या बायकोला विचार. ती म्हणेल, याला मुळापासनंच कीड आहे.” तो धपकन शेजारी बसला, पिशवीतून पावात घातलेला मांसाचा तळलेला तुकडा काढला आणि अर्धा मोडून तिच्यापुढं धरला. “खा. तू पण वाळत चाललीस.”

दोघं खात बसली. वर वाळल्या झाडांवर सुतार ठोकत होता.

“सोमवारी हे सगळं साफ करतोय,” रादिम म्हणाला. “वरपासून खालपर्यंत.”

“माहीत आहे.”

“मग तुमचं उघडं पडणार.”

व्लास्तानं मान हलवली. तेही तिला माहीत होतं. कुबातच्या रानाच्या खाली, लगतच, व्लास्ताच्या घरचा तुकडा होता. अख्ख्या उतारावर तेवढाच हिरवा राहिलेला. गाव त्याला ‘अनेश्काची झाडं’ म्हणायचं. अनेश्का म्हणजे तिची आई.

“मेलेली असली तरी ही झाडं उभी होती,” रादिम म्हणाला. “पश्चिमेचा वारा ही अंगावर घेत होती. सोमवारनंतर तो सरळ तुमच्या झाडांवर येणार. मुळं धड असली तर टिकतील. नसली तर नोव्हेंबरच्या पहिल्या वादळात आडवी होतील. आणि त्यांच्याखालून वाट जाते, व्लास्ता.”

ती वाट बसथांब्याची. सकाळी शाळेची पोरं तिथून जायची, दिवसभर म्हाताऱ्या बायका चाकांच्या पिशव्या ओढत.

“त्यांना भुंगा नाही,” ती म्हणाली.

“मी भुंग्याचं विचारतच नाहीये.”

“रडतायत ती. अजून.”

रादिमचा घास हातात राहिला. “या कोरड्यात? कुठनं आणतात पाणी?”

“कुठनं तरी आणतात.”

“मग नशीब तुझं.” तो गुडघ्यावर हात रेटून उठला. “तरी एकदा नीट बघून घे. रविवारी संध्याकाळपर्यंत सांग. मंगळवारी यंत्र पलीकडच्या खोऱ्यात जातंय, मग बर्फ पडेपर्यंत काही परत यायचं नाही. ठेवायची तर ठेव. पण ‘ठीक आहेत’ हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. वाटेनं माझी नात जाते.”

तो गेला. गेली चार वर्षं ती प्रत्येक झाडापाशी एकच प्रश्न घेऊन जायची: मेलं का? कुणीतरी तिला पहिल्यांदाच उलटं विचारलं होतं: जगेल का? याचं उत्तर द्यायची तिला सवयच राहिली नव्हती. एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, की अनेश्काच्या झाडांना नारिंगी रंग लावायचा झाला तर तो डबा उचलायची ताकद तिच्या हातात नाही.

घरी आली तेव्हा अलोइस खिडकीपाशी बसून बटाटे सोलत होता. खुबा मोडल्यापासून त्याचं जग खिडकी, चूल आणि अंगणातलं बाक एवढंच उरलं होतं. चुलीवर लसणाचं सूप उकळत होतं.

“दार लाव, ऊब जाते,” तो म्हणाला. “काय म्हणतायत मेलेले?”

“तुझी चौकशी करत होते. म्हणाले, म्हातारा अजून येत कसा नाही.”

“सांग, बटाटे संपले की येतो.”

टेबलावर काचेची बरणी होती. व्हिनेगरमध्ये कांदा, मिरे आणि तपकिरी टोप्यांच्या लहान लहान अळंब्या. संत वात्स्लावच्या सणाच्या सुमारास उगवतात म्हणून त्यांचं नाव वात्स्लावक्या. झुबक्यानं येतात, एकेका जागी टोपलीभर.

“शेवटची बरणी?” व्लास्तानं विचारलं.

“शेवटची. सण परवावर आलाय. ठेवून कुणासाठी ठेवायची?”

दोन शरद अळंबीशिवाय गेले होते. कोरड्या मातीतून कुणालाच काही मिळालं नव्हतं. त्याआधी मात्र अलोइसची टोपली कधी रिकामी आली नाही. सगळं गाव बघेल असा तो टोपली झुलवत तळ्याच्या दिशेनं निघायचा आणि भलतीकडूनच परतायचा, आणि तेही इतक्या लवकर, की चुलीवरचं सूप पुन्हा गरम करावं लागायचं नाही. शेजारणी चिडायच्या. पाठलाग केला तर म्हातारा वाटेवरच्या छोट्या प्रार्थनाघराशी बसून तास तास प्रार्थना करायचा, जन्मात कधी केली नव्हती इतकी. त्याचं कुणाला वावगंही वाटायचं नाही. त्या मुलखाची रीतच होती: घरातलं भांडण शेजाऱ्याला सांगावं, अळंबीची जागा पोटच्या पोरालाही सांगू नये. मरताना सांगावी, आणि तीही श्वास उरला तर.

“आता तरी सांग की जागा,” व्लास्ता बरणीचं झाकण फिरवत म्हणाली. “जाऊन बघते, एखाद-दुसरी असली तर.”

“या धुळीत काय असणार?”

“जागा तर असेल!”

“जागा आहे.” अलोइसनं बटाट्याचा डोळा खणून काढला. “मरताना सांगीन.”

“मागच्या हिवाळ्यात डॉक्टरनं हात टेकले होते, तेव्हा काय करत होतास?”

“तेव्हा मी मरत नव्हतो. नुसता खोकत होतो.”

ती हसली. हसताना लक्षात आलं की हसायलाही दम लागतोय. मग सूप वाढता वाढता तिनं रादिमचं सगळं सांगितलं. सोमवारचं, वाऱ्याचं, वाटेचं, त्याच्या नातीचं.

“तातो, तुला काय वाटतं?”

“तू बघतेस. मला काय दिसतं इथून?” त्यानं सूप ढवळलं. “रडतायत का?”

“रडतायत.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? झाडाला.”

“वर, खोडाला? का खाली?”

“खाली. पायाशी.”

अळंबीत खुपसलेला त्याचा काटा तसाच राहिला.

“सुपात मीठ कमी पडलंय,” अलोइस म्हणाला.

सणाच्या दिवशी चर्चची घंटा वाजली तेव्हा आकाश निळंशार होतं. शाप असावा तसं निळं. एरवी या दिवशी अर्धं गाव टोपल्या घेऊन रानात असायचं. आता लोक दारात उभे राहून वर बघत होते. व्लास्तानं कोठीतून कुऱ्हाड घेतली. अलोइस काठी टेकत अंगणात येऊन उभा होता, अंगात लग्नातला कोट.

“मी पण येतो.”

“कशात बसून? माझ्या खिशात?”

“ट्रॅक्टरच्या गाडीत. खुर्ची ठेव.”

“तातो, वर रस्ता नाही. गचके बसतील.”

“बसू देत. मोडायचं ते मोडून झालंय.”

शेवटी तिनं पाठीमागच्या गाडीत बैठकीच्या खोलीतली आरामखुर्ची चढवली, दोरीनं बांधली आणि म्हाताऱ्याला त्यात बसवून गोधडीत गुंडाळलं. गावातून जाताना तो बिशपसारखा दोन्ही बाजूंना हात हलवत होता. “कुठं निघाली स्वारी?” कुणीतरी ओरडलं. “तळ्याकडं!” तो ओरडून म्हणाला, आणि सगळी गल्ली हसली. त्याच्या तळ्याकडं जाण्याचा अर्थ गावाला पाठ होता. गल्ली संपली तसा त्याचा हात खाली आला.

अनेश्काची झाडं जवळ आली तशी सावली अंगावर आली. सावली म्हणजे काय हे त्या डोंगरांवर लोक विसरत चालले होते. व्लास्तानं ट्रॅक्टर बंद केला आणि बापाला उतरवून एका जुन्या खुंटावर बसवलं.

ही झाडं तिच्याच वयाची. रान तेव्हा सरकारनं घेतलेलं होतं, आणि अनेश्का आपल्याच सासऱ्याच्या जमिनीत सरकारची रोजंदार म्हणून रोपं लावायला यायची, पोटात व्लास्ता घेऊन. बायका रांगेनं चालायच्या. एक खाच, एक रोप, वरून टाचेचा दाब. चालता चालता गायच्या. आईचा आवाज चांगला नव्हता, पण शब्द तिनंच जुळवलेले असायचे:

*रोप लाविते लाविते, माती टाचेनं दाबिते,*
*तुझी सावली कुणाला? मी गं पुढं निघुनि जाते.*

मरायच्या आधी काही दिवस तिनं आपल्याला इथंच आणायला लावलं होतं. याच झाडांना टेकून बसली होती. म्हणाली होती, “टाच दुखते गं अजून.”

व्लास्ता कामाला लागली. हे काम ती झोपेतही करू शकली असती, आणि गेल्या दोन वर्षांत तिनं ते जवळपास झोपेतच केलं होतं. बुंध्याशी भुसा नाही. जाळ्यांत भुसा नाही. सालीला छिद्रं नाहीत. भुंगा नाही. तिला बरं वाटलं. मग रादिमचे शब्द आठवले: मी भुंग्याचं विचारतच नाहीये.

तिनं पुन्हा पहिल्यापासून बघितलं, पाहुण्यासारखं.

शेंडे विरळ होते. सुयांमधून आभाळ गाळून येत होतं. कोरडं पडलंय, ती मनात म्हणाली. वर फळांचे शंकू मात्र लगडलेले, फांद्या वाकतील इतके. चांगलं वर्ष लागलंय, ती म्हणाली. बुंधे खाली सुजलेले होते, बाटलीच्या बुडासारखे. वय झालं, माझेही घोटे संध्याकाळी असेच होतात, ती म्हणाली. आणि पायाशी, मुळं मातीत शिरतात तिथं, राळ ओघळून पांढरी पडलेली, मेणबत्तीच्या खाली साचते तशी. रडतायत. रडतं ते जगतं.

तिनं कुऱ्हाड उलटी करून पहिल्या झाडाला ठोका दिला. खणखणीत. दुसऱ्याला दिला. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. तिसऱ्यालाही तसाच. तिनं मागं वळून बघितलं. अलोइस काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडं बघत होता. त्यालाही ऐकू गेलं होतं.

आता एकच गोष्ट उरली होती. बुंध्याशी साल उचकटून आत बघायची. आत ओलसर पिवळट लाकूड असलं तर झाड निरोगी. सालीखाली पांढरा, कातड्यासारखा पापुद्रा पसरलेला असला, पंख्यासारखा, तर बुरशी मुळांतून वर चढलीय. पण झाड निरोगी निघालं तर ती जखम तिनं केलेली असणार, या दुष्काळात, आणि चोराला तिनंच दार उघडून दिलेलं असणार. तिनं कुऱ्हाडीचं पातं सालीला लावलं. दोन्ही हातांनी दांडा धरला. उचलला.

आणि तशीच उभी राहिली. झाडं सोलायची तिला सवय होती, पण ती पाडलेली. उभ्या, हिरव्या झाडाची साल उचकटायची तिची पहिलीच वेळ होती. हात खाली आले. कुऱ्हाड सुयांच्या थरावर पडली, आवाजही न करता. मग ती त्याच बुंध्याला पाठ लावून खाली बसली, जिथं आई बसली होती तिथं.

“होत नाही, तातो,” ती म्हणाली. “दमले मी.”

म्हाताऱ्यानं काठीनं पायाखालच्या सुया बाजूला सारल्या.

“रोज दमतेच. ते वेगळं. हे वेगळं आहे. कुणी विचारलं, काय करतेस, तर काय सांगू? मेलेल्यांना रंग लावते. रात्री डोळे मिटले की नारिंगी दिसतं. पोरं मला बघून दात दाखवतात, मी हसते. तेही करते मी. पण एवढं एक हिरवं राहू दे असं वाटत होतं. एवढंच मागत होते. कुणाकडं मागत होते कुणास ठाऊक.” तिनं डोळे पुसायला हात वर नेला, पण डोळे कोरडेच होते. “माझी राळसुद्धा आटली बघ.”

वर शेंड्यांतून वारा गेला. साधा वारा, सणासुदीचा, गोड. झाडं हलली. त्यांचं हलणं खालपर्यंत आलं. व्लास्ताच्या पाठीला ते लागलं. बुंधा हलायचा नसतो. तिचे खांदे आपोआप ताठ झाले.

अलोइस काठीवर भार देत खुंटावरून उठला. दोन पावलं आला. तिसऱ्याला धाप लागली, तरी आला, आणि तिच्यासमोर उभा राहून त्यानं काठीच्या टोकानं तिच्या बुटापाशी, सुयांमध्ये, एक गोल काढला.

“व्लास्ता, अळंबीची जागा सांगतो.”

तिनं मान वर केली. “आता? मरतोयस की काय?”

“नाही. नुसता उभा आहे.” त्यानं श्वास घेतला. “तू बसलीयस ना, तिथंच.”

तिनं आपल्या दोन्ही बाजूंच्या सुयांकडं बघितलं.

“इथं. या झाडाला, त्या पलीकडच्याला, मग त्या वाटेकडच्या सगळ्या ओळीला. खुंटावर नव्हत्या, पोरी. खुंटावर असत्या तर साऱ्या गावाला वाटत फिरलो असतो. मेल्या लाकडावर काय, कुणीही उगवावं. जित्या झाडांच्या पायाला लागल्या होत्या. मुळं खाणाऱ्या बुरशीचीच ती फळं. तुझी आई गेली त्याच शरदात पहिल्यांदा दिसल्या. मी तिची जागा बघायला आलो होतो, आणि इथं हा एवढा झुबका. मला कळलं. माझा बाप हे बघून मटकन खाली बसायचा. मी नाही बसलो. मी खुडल्या.”

“तातो…”

“बोलू दे. परत बोलणार नाही मी. दरवर्षी तुझ्या आधी यायचो. एकही ठेवायचो नाही, मातीपर्यंत खुडायचो, बारीकसुद्धा. तुला दिसू नयेत म्हणून. तू तिकडं भुंग्याशी झुंजत होतीस, हातांची सालं निघेपर्यंत. तुला कसं सांगू, की चोर दारातून नाही, पायाखालून आलाय? वाटायचं, मी जाईन, मग तुझं तू बघशील. मी काही गेलो नाही. घरी आणून तुझ्याचपुढं ओतायचो, आणि तूच त्या उकळायचीस, तूच मीठ घालायचीस. आपण दोघांनी मिळून खाल्ल्या त्या. पावाबरोबर.”

व्लास्तानं हात मागं नेऊन बुंध्याच्या सुजेवर ठेवला. राळ अजून चिकट होती.

“लहानपणी तुला रडणाऱ्या झाडाचं सांगितलं, ते वरच्या रडण्याचं. खोडाच्या. खालचं नाही सांगितलं. तुझे पाय माझ्या छातीवर होते, इतकीशी होतीस, कशाला सांगायचं. पुढं सांगायचं राहिलं. मग सांगवेना. पायाशी रडतं ते जगत नाही, पोरी. ते नुसतं उभं असतं.”

वारा पुन्हा आला. खाली वाटेवरून कुणीतरी दोघी बोलत, हसत चालल्या होत्या. चाकांच्या पिशव्यांचा खडखड आवाज येत होता. अलोइसनं तो दूर जाईपर्यंत ऐकला, आणि मग लेकीला उठवायला आपला हात पुढं केला.

“रादिमला सांग, सोमवारी इथंही ये म्हणावं. वाटेकडून सुरुवात कर म्हणावं. फक्त त्याच्या आधी मला कुठंतरी तळ्याकडं नेऊन बसव.”